पॅकिंग नवे टाकले, पण बैठक साफ केली का?

(रत्नागिरी येथील कार्यकर्ता शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर. जिल्हा बैठकांत वाचून दाखवता यावा म्हणून छापत आहोत.)



यवतमाळ, अकोला, परभणी, जळगाव, सोलापूर अशा लांबलांबच्या जिल्ह्यांतून, दोन-दोन गाड्या बदलून तुम्ही इथे रत्नागिरीला आलात. वर्षाला सहाशे-आठशे मिलिमीटर पाऊस वेळेवर पडला तर ज्या मुलखात लोक देवाला नारळ फोडतात, त्या मुलखातली माणसे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात येऊन बसली आहेत. दोन दिवस भाव, कर्ज, वीज यांवर बोलणे झाले. आज सकाळच्या बैठकीला आम्ही विषय घेतला आहे तो इंजिनाच्या हेड पॅकिंगचा. काही जण हसले, ते आम्ही पाहिले. संघटनेच्या शिबिरात मेस्त्रीचे काम कशाला, असे त्यांना वाटले असेल. तर आधी त्याचेच उत्तर देतो.

ज्वारी पोटरीत येते, तेव्हा तिला एक पाणी मिळाले तर कणीस भरते आणि नाही मिळाले तर दाणा बारीक राहतो. कपाशी फुला-बोंडावर असताना ताण बसला की पात्या आणि फुले गळतात. हे तुम्हाला आम्ही शेतकी कॉलेजात शिकून सांगण्याची गरज नाही, तुम्ही ते दर वर्षी डोळ्यांनी पाहता. कोरडवाहू शेतीत पाणी थोडे असते म्हणूनच त्याची वेळ महत्त्वाची असते. विहिरीत चार परस पाणी आहे, नाल्याला डोह आहे, किंवा २०१६ सालच्या मागेल त्याला शेततळे योजनेतून खोदलेले तळे भरलेले आहे. ते पाणी उचलायला पाच हॉर्सपॉवरचे डिझेल इंजिन आहे. आणि नेमके त्याच आठवड्यात हेडचे पॅकिंग जाते.

पॅकिंग गेले याचे दुःख फार नाही. पॅकिंग ही जाणारीच वस्तू आहे. दुःख याचे आहे की मेस्त्री येतो, नवे पॅकिंग टाकतो, पैसे घेऊन जातो, आणि चार दिवसांनी तेच पॅकिंग पुन्हा जाते. आमच्या एका सहकाऱ्याच्या इंजिनाचे हेड एका हंगामात तीनदा उघडले गेले. तिसऱ्यांदा उघडले तेव्हा ब्लॉकच्या एका कोपऱ्यात जुन्या पॅकिंगची खपली चिकटलेली सापडली. ज्वारीच्या दाण्याएवढी. तीन वेळा पॅकिंगचे पैसे, तीन वेळा मजुरी, आणि पोटरीचे पाणी गेले ते वेगळेच. उत्पादन खर्चाचा हिशोब मांडताना दुरुस्तीचा आकडा आपण लिहितो. पण हुकलेल्या पाण्याच्या पाळीचा आकडा कुठल्याच तक्त्यात येत नाही. तो आपल्या कणसातून वजा होतो.

म्हणून आज आम्हाला सांगायचे आहे ते एकच. हेडच्या दुरुस्तीत नवे पॅकिंग ही सगळ्यांत सोपी गोष्ट आहे. खरी दुरुस्ती म्हणजे ते ज्या दोन बैठकांच्या मध्ये बसते, त्या बैठका साफ करणे. त्या कामाला तास-दीड तास लागतो. तो वाचवला की पुढचे सगळे वाया जाते.

या सांध्यावर किती भार येतो?

खाली ब्लॉक, वर हेड आणि मध्ये दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीचे पॅकिंग. शहाणी माणसे त्याला गॅस्केट म्हणतात. ब्लॉकचा वरचा सपाट भाग आणि हेडचा खालचा सपाट भाग, यांना मेस्त्री फेस म्हणतात. आपण बैठक म्हणू.

आपल्याकडच्या पाच हॉर्सपॉवरच्या पुष्कळ इंजिनांचा सिलेंडर ८० मिलिमीटर व्यासाचा असतो. म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर झाले. डिझेल पेटते तेव्हा आतला दाब दर चौरस सेंटिमीटरला साठ-पासष्ट किलोपर्यंत जातो. गुणाकार करा. हेडला खालून वर ढकलणारा जोर ३० ते ३२ क्विंटल होतो. भरलेल्या दोन-तीन बैलगाड्यांचे वजन समजा. आणि हा धक्का एकदा बसत नाही. मिनिटाला १५०० फेऱ्या घेणाऱ्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो. म्हणजे मिनिटाला ७५० आणि तासाला ४५ हजार. आठ तास पाणी चालले तर साडेतीन लाखांवर धक्के. हा जोर चार स्टड आणि त्यांचे नट धरून ठेवतात, आणि आतला जाळ बाहेर येऊ न देण्याचे काम ते दीड मिलिमीटरचे पॅकिंग करते. शिवाय शेजारून थंड पाणी खेळत असते, काही इंजिनांत तेलाची वाटही तिथूनच जाते. जाळ, पाणी आणि तेल, तिघांनी आपापल्या वाटेने जायचे, एकमेकांत मिसळायचे नाही.

आता या पॅकिंगखाली दाण्याएवढी खपली राहिली तर काय होईल? खपलीच्या जागी पॅकिंग जास्त दाबले जाते आणि तिच्या शेजारी कमी दाबले जाते. डोळ्यांना फट दिसत नाही. पण जाळाला दिसते. पहिल्या दिवशी थोडी हवा निसटते, त्या वाटेने पॅकिंग करपते, वाट रुंद होते, आणि चौथ्या दिवशी इंजिन फुसफुस करत बंद पडते. आपण म्हणतो, पॅकिंग डुप्लिकेट निघाले. कधी ते खरेच डुप्लिकेट असते. पण पुष्कळदा बिचाऱ्या पॅकिंगवर नाहक आळ येतो.

इथे रत्नागिरीत हापूसची कलमे तुम्ही पाहिली. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली झाले, आणि कोय कलमाची रीत त्याने या भागात घरोघर नेली. कलम बांधणाऱ्याला विचारा. खालच्या रोपाचा काप आणि वरच्या काडीचा काप, दोन्ही स्वच्छ आणि सपाट हवेत, मध्ये माती नको, पाण्याचा थेंब नको, आणि पट्टी घट्ट हवी. काप खडबडीत असेल तर पट्टी कितीही आवळा, कलम धरत नाही. हेडचे तसेच आहे. नट आवळून वाईट बैठक चांगली होत नाही.

बंदरावर काय पाहिले?

काल संध्याकाळी आपण मिरकरवाड्याच्या बंदरावर गेलो होतो. महाराष्ट्रात १ जूनपासून दोन महिने यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. इंजिने उघडण्याची मोठी कामे त्याच काळात निघतात. पण काही नौका आताच काठाला लागल्या आहेत आणि एका नौकेच्या सहा सिलेंडरच्या इंजिनाचे हेड उतरवलेले आपल्याला पाहायला मिळाले.

तुमच्यापैकी कितीजणांनी नीट पाहिले? तिथल्या मेस्त्रीने हेड जमिनीवर ठेवले नव्हते, लाकडाच्या दोन फळ्यांवर ठेवले होते. काढलेले बोल्ट डब्यात एकत्र टाकले नव्हते. पुठ्ठ्याला भोके पाडून, ज्या जागचा बोल्ट त्या जागी खोचून ठेवला होता. ब्लॉकच्या सगळ्या भोकांत चिंध्यांचे बोळे घातलेले होते. आणि तो माणूस बैठक खरवडत होता. आपण तिथे तासभर होतो, तेवढा वेळ तो तेच काम करत होता. आपल्यातल्या एकाने विचारले, एवढा वेळ? त्यावर तो म्हणाला की समुद्रात वीस मैलांवर हे हेड गेले तर आत बसलेल्यांना ढकलत आणता येत नाही.

भावांनो, ज्याचा जीव इंजिनावर आहे तो बैठक साफ करायला घाई करत नाही. आपले इंजिन बंद पडले तर आपण बुडत नाही, घरी चालत येतो. म्हणून आपल्याकडे हे काम घाईने होते. पण पीक बुडते ते बुडतेच.

हेड उघडण्याआधी

पॅकिंग गेल्याच्या खुणा तुम्हाला ठाऊक आहेत, तरी एकदा उजळणी करू. इंजिन सुरू व्हायला त्रास देते, हँडल मारताना दाब लागत नाही. हेड आणि ब्लॉकच्या सांध्यातून फुसफुस आवाज येतो, तिथे काळा ओघळ दिसतो. ट्रॅक्टर असेल तर रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येतात. तेलाची डिपस्टिक काढली तर तेल ताकासारखे पांढुरके दिसते, म्हणजे पाणी तेलात गेले. धुराड्यातून पांढरा वाफाळ धूर निघत राहतो. तेलात पाणी गेले असेल तर ते तेल फेकून नवे भरायचे, गाळून पुन्हा वापरायचे नाही.

आता उघडायचे कसे?

१) इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गरम हेड सोडले तर ते वाकडे होण्याचा धोका असतो. आणि तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका. तडा गेला तर पॅकिंगवर भागणारे काम नव्या हेडवर जाते.

२) पाणी काढून टाका. नाही तर हेड उचलताच ते सिलेंडरमध्ये उतरते.

३) हेड जागेवर असतानाच पिस्टन वर आणून ठेवा. ज्या इंजिनात लायनरच्या बाहेरून पाणी खेळते, तिथे हेड काढल्यावर चाक फिरवले तर लायनर वर उचलला जाऊ शकतो, आणि त्याच्या खालच्या रबरी रिंगा बिघडतात. मग पाणी थेट तेलात जाते.

४) नट एका दमात सोडू नका. समोरासमोरचे, थोडे थोडे करून सैल करा.

५) हेड चिकटले असेल तर मध्ये छिन्नी घालून उचकटू नका. बाजूने लाकडी हातोड्याने ठोका. छिन्नीचा एक घाव बैठकीवर पडला की तिथून जाळाला कायमची वाट मिळते.

बैठक साफ करताना

प्रथम भोके बंद करा. पाण्याची, तेलाची, पुशरॉडची, सगळी. स्वच्छ चिंध्यांचे बोळे घाला, पण मोजून घाला आणि मोजून काढा. पिस्टन आणि लायनर यांच्या फटीत बोटाने ग्रीस भरा. खरवडलेला कचरा त्या ग्रीसला चिकटतो, खाली रिंगांपर्यंत जात नाही. काम झाले की ग्रीस कचऱ्यासकट पुसून घ्यायचे.

मग जुने पॅकिंग भिजवा. रॉकेल लावा, नसेल तर डिझेल, आणि अर्धा तास तसेच राहू द्या. यात दोन फायदे आहेत. खपली मऊ होते हा एक. दुसरा जास्त महत्त्वाचा आहे. पूर्वीच्या पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस वापरत, आणि आपल्या इंजिनातले जुने पॅकिंग कशाचे आहे हे नुसते पाहून सांगता येत नाही. अॅस्बेस्टॉसची धूळ छातीत गेली तर तिथेच बसते आणि त्याचा आजार वीस-तीस वर्षांनी उठतो. तोंडाला रुमाल बांधून ती अडत नाही. म्हणून कोरडे खरवडायचे नाही, हवेच्या पंपाने फुंकायचे नाही, ओले करूनच काढायचे. आणि तो कचरा गोठ्यात किंवा अंगणात झाडून टाकायचा नाही. पिशवीत बांधून, जिथे पोरे-जनावरे जात नाहीत तिथे खोल पुरायचा.

खरवडायचे कशाने? बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, ब्लॉकवर बोथट पट्टीचा स्क्रेपर चालतो, तो आडवा धरून, टोक न रुतवता. हेड ॲल्युमिनियमचे असेल तर लोखंड लावूच नका. पितळेची पट्टी, कडक प्लॅस्टिकची पट्टी किंवा बाभळीच्या लाकडाची धार काढलेली ढलपी घ्या. ॲल्युमिनियम मऊ असते, नखाला जाणवेल एवढा ओरखडाही त्याला महाग पडतो.

आता तीन गोष्टी करायच्या नाहीत, त्या नीट ऐका.

पहिली, ग्राइंडर किंवा फिरती पॉलिशची चकती लावायची नाही. दोन मिनिटांत चकाचक दिसते, म्हणून पुष्कळांना मोह होतो. पण चकती जिथे जास्त वेळ टेकते तिथे खड्डा करते. डोळ्यांना चकाकी दिसते, खड्डा दिसत नाही. शिवाय तिच्यातून झडलेली खर तेलात जाते आणि बेअरिंगना खाते. पॅकिंगचा खर्च वाचवायला गेलो आणि क्रँकचे काम काढून बसलो, असे होते.

दुसरी, कानस मारायची नाही. हाताने कानस सरळ चालत नाही, कडा खाली जातात आणि मधला भाग उंच राहतो.

तिसरी, खड्डा किंवा ओरखडा दिसला म्हणून त्यात एमसील, शेलॅक किंवा रंग भरून वर पॅकिंग टाकायचे नाही. जाळाच्या कडेला यातले काही टिकत नाही. पॅकिंग कोरडे बसवायचे की त्याला काही लावायचे, हे इंजिनाच्या पुस्तकात किंवा पॅकिंगच्या पाकिटावर लिहिलेले असते. तेवढेच करायचे.

खपली निघाली की रॉकेलच्या फडक्याने पुसा. शेवटी थिनरने किंवा थोड्या पेट्रोलने पुसून पूर्ण कोरडे करा. तेलकट थर राहता कामा नये. हे करताना आसपास बिडी नको, चूल नको. पांढऱ्या फडक्याने पुसल्यावर फडके पांढरेच राहिले, तर बैठक साफ झाली असे म्हणा.

साफ झाली, पण सपाट आहे का?

इंजिन एकदा चांगले तापून बंद पडले असेल तर हेड वाकलेले असू शकते. त्यासाठी दोन साधने लागतात. एक सरळ धारेची पोलादी पट्टी, तिला स्ट्रेट एज म्हणतात. दुसरे फिलर गेज, म्हणजे वेगवेगळ्या जाडीच्या पातळ पात्यांचा जुडगा. टॅपेट लावायला मेस्त्री वापरतो तोच. पट्टी बैठकीवर उभी धरायची. लांबीत, रुंदीत, आणि दोन्ही कर्णांवर. खालून पाते शिरते का पाहायचे. नक्की मर्यादा इंजिनाच्या पुस्तकात असते. बहुतेक ठिकाणी ती रुंदीत ०.०५ आणि लांबीत ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते. माणसाचा केस साधारण तेवढाच जाड असतो. म्हणजे केसभर वाकडेपणासुद्धा चालत नाही, ही म्हण नाही, हे मोजमाप आहे. त्याहून जास्त असेल तर हेड वर्कशॉपमध्ये फेसिंगला द्यावे लागते. तिथे मात्र घरगुती इलाज नाही.

पाण्याच्या भोकांभोवती गंजाने खाल्लेले बारीक खड्डे पडतात. इथे किनाऱ्यावर ते खाऱ्या पाण्याने आणि हवेने पडतात, आपल्याकडे क्षारांच्या पाण्याने. खड्डा भोकाच्या कडेलाच असेल तर तो किती खोल आहे ते पाहा. पण तो सिलेंडरच्या कड्याकडे सरकलेला असेल, तर नव्या पॅकिंगने भागणार नाही, हे आधीच समजून घ्या. लायनरची कॉलर ब्लॉकच्या वर किती आली आहे, तेही बघा. पुस्तकात सांगितली असेल तेवढी वर हवी, खाली दबलेली नको.

आणि बोल्टची भोके. याकडे कुणी पाहत नाही. ट्रॅक्टरच्या ब्लॉकमध्ये पुष्कळ भोके खालून बंद असतात. त्यांत तेल किंवा पाणी राहिले आणि वरून बोल्ट आवळला, तर त्या पाण्याला जायला जागा नसते. दाबाने ब्लॉकला तडा जाऊ शकतो. तडा नाही गेला तरी बोल्ट घट्ट बसल्यासारखा वाटतो आणि हेड मात्र सैलच राहते. म्हणून प्रत्येक भोक फडक्याने कोरडे करा, आटे तारेच्या ब्रशने साफ करा. बोल्ट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे.

बसवताना

पॅकिंग त्याच इंजिनाचे आणि त्याच जाडीचे हवे. एकावर एक दोन पॅकिंगे टाकली की दाब कमी होतो आणि इंजिन थंडीत सुरू होत नाही. फार पातळ टाकले तर पिस्टन हेडला टेकतो. जुने निघालेले पॅकिंग पुन्हा टाकू नका, एकदा दबलेले पॅकिंग पुन्हा दबत नाही. तांब्याचे पॅकिंग लाल तापवून, थंड करून मऊ करता येते हे खरे, पण ज्या जुन्या इंजिनांना नुसत्या तांब्याचे पॅकिंग आहे त्यांच्यापुरतेच. पॅकिंगवर वरची बाजू लिहिलेली असते, ती वर. भोके जुळली का ते बघा. चिंध्यांचे बोळे मोजून काढले का, ते पुन्हा बघा.

नट समोरासमोरचे, तीन टप्प्यांत आवळा. पहिल्यांदा एक तृतीयांश, मग दोन तृतीयांश, मग पूर्ण. चार-सहा सिलेंडरच्या इंजिनात मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जा. किती आवळायचे ते टॉर्क पान्याने मोजा. पान्याला पाइप लावून दोघे लोंबकळले म्हणजे काम पक्के झाले, असे नाही. त्याने स्टड ताणला जातो आणि पुढे सैल पडतो. जुन्या पद्धतीच्या पॅकिंगला इंजिन एकदा तापवून, थंड झाल्यावर पुन्हा आवळायला सांगितलेले असते. नव्या काहींना नसते. पुस्तक पाहा. शेवटी टॅपेटचे अंतर पुन्हा लावा, कारण हेड हलले की ते अंतर बदलते.

पॅकिंग गेले का?

हा प्रश्न पहिला विचारायला हवा. बैठक आरशासारखी केली, पण इंजिन तापण्याचे कारण तसेच ठेवले, तर पॅकिंग पुन्हा जाईल. पाण्याची नळी गाळाने बुजली आहे का? आपल्या विहिरींच्या क्षाराच्या पाण्याने आत पापुद्रा धरला आहे का? पंख्याचा पट्टा सैल आहे का? ट्रॅक्टरवर ज्वारीची मळणी करून आल्यावर रेडिएटरच्या जाळीत भुसा किती भरतो, हे तुम्ही पाहिले आहे. तो भुसा हंगामात रोज संध्याकाळी झटकला, तर हेडची निम्मी दुखणी होणार नाहीत. यासाठी मेस्त्री लागत नाही, कुंचा लागतो.

मेस्त्रीचे काय?

आम्ही मेस्त्रीला दोष द्यायला उभे नाही. तोही आपल्यातलाच, बहुधा कोरडवाहू शेतकऱ्याचाच मुलगा आहे. आपण त्याला कसे पैसे देतो ते बघा. हेडचे काम म्हणून ठरावीक रक्कम ठरवतो. त्यानेही घासाघीस करून ती खाली आणतो. मग वर म्हणतो, लवकर आटप, पाणी तटले आहे. त्याने एका दिवसात चार हेडे केली तरच त्याचे घर चालते. मग तो कुठला वेळ काढणार? वस्तूचे पैसे आपण बिनबोभाट देतो, आणि माणसाच्या तासाचे पैसे देताना आपला हात आखडतो. आपल्या कापसाच्या बाबतीत बाजार हेच करतो, म्हणून आपण ओरडतो. तर मग गावातल्या कारागिराशी आपण तसे वागू नये. साफसफाईच्या वेळेचे पैसे वेगळे ठरवा, आणि मग ठामपणे सांगा: हेड बंद करण्याआधी दोन्ही बैठका मला दाखवायच्या. मी पांढरे फडके फिरवणार आणि पट्टी लावणार. चांगल्या मेस्त्रीला याचा राग येत नाही. त्याचे काम पाहणारा कुणी आहे, याचा त्याला आनंद होतो.

कुणी म्हणेल, आता हे कशाला शिकायचे? २०१९ च्या कुसुम योजनेपासून सौरपंप येऊ लागले आहेत, उद्या डिझेल इंजिन भंगारात जाईल. जावे, आमची हरकत नाही. १९१० साली किर्लोस्करवाडीला लोखंडी नांगर बनवण्याचा कारखाना उभा राहिला, तेव्हा लाकडी नांगर सोडायला शेतकरी कचरत होता. पुढे १९४६ साली त्याच घराण्याची ऑइल इंजिनांची कंपनी पुण्यात निघाली, आणि मोट सोडून इंजिन घ्यायलाही तो आधी कचरला. नवे येते, जुने जाते. पण नाल्याच्या डोहावर उचलून न्यायला आजही डिझेल इंजिनच लागते, आणि गावात ट्रॅक्टर वाढतच आहेत. त्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या डोक्यात हाच सांधा आहे. तिथे एका पॅकिंगवर तीन-चार सिलेंडर अवलंबून असतात.

गावी जाऊन काय करायचे?

आम्ही तीन कामे सांगतो. तिन्ही गावपातळीवर होण्यासारखी आहेत.

पहिले. प्रत्येक शाखेने वर्गणी काढून एक पेटी करावी. तीत एक स्ट्रेट एज, एक फिलर गेज, एक टॉर्क पाना, पितळेच्या आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या, तारेचे ब्रश आणि चिंध्या असाव्यात. ही साधने एकट्याला महाग वाटतात आणि वर्षातून एकदाच लागतात, म्हणून कुणीच घेत नाही. दहा घरांत मिळून घेतली तर कुणालाच जड नाहीत. पेटी कुणाकडे राहील ते ठरवा आणि नेली-आणली याची वही ठेवा. वही बचत गटाच्या बायांकडे दिली तर पेटीतले एक पातेही हरवणार नाही, हा आमचा अनुभव आहे.

दुसरे. गावातल्या इंजिनांची आणि ट्रॅक्टरांची यादी करा. कुठल्या कंपनीचे, कुठले मॉडेल, पुस्तक आहे का. पुस्तक हरवले असेल तर विक्रेत्याकडून त्या पानांची झेरॉक्स मागून घ्या. आवळण्याचे माप, टॅपेटचे अंतर, सपाटपणाची मर्यादा, हे तीन आकडे इंजिनाच्या शेडच्या भिंतीवर ऑइल पेंटने लिहून ठेवा. कागद उंदीर खातो, भिंत खात नाही.

तिसरे. कपाशी फुलावर यायच्या आधी, ज्वारी पोटरीत यायच्या आधी, एक दिवस इंजिन सुरू करून बघा. फुसफुस आहे का, बुडबुडे आहेत का, तेल पांढुरके आहे का. हेड उघडायचे असेल तर पाण्याची गरज नसताना उघडा. घाई नसली की साफसफाई आपोआप नीट होते. इथले नौकावाले बंदीच्या दोन महिन्यांत जे करतात, ते आपण पेरणीनंतरच्या उघडिपीत करू शकतो.

भावांनो, कापसाचा भाव आपल्या एकट्याच्या हातात नाही, त्यासाठी आपण एकत्र येतो आणि येत राहू. पाऊस तर कुणाच्याच हातात नाही. पण विहिरीतले पाणी ठरल्या दिवशी पिकाला मिळणे, हे एका पांढऱ्या फडक्यावर आणि तास-दीड तासाच्या धीरावर अवलंबून असेल, तर तेवढे तरी आपल्या हातून सुटू नये. जेवणानंतर बाहेर मांडवात एका जुन्या इंजिनाचे हेड उतरवून ठेवले आहे. पाच-पाच जणांच्या टोळ्या करा, आणि प्रत्येकाने स्वतःच्या हाताने बैठक साफ करून, पट्टी लावून दाखवा. ज्याचे फडके काळे निघेल त्याने पुन्हा पुसायचे.

एवढे बोलून आम्ही थांबतो.